मामांबरोबर गढूळ समुद्रात

मालवणला समुद्राच्या तळाशी जाऊन आले असं सांगितलं, की लोक लगेच विचारतात, काय काय दिसलं? मी सांगते, माझाच हात दिसला, कोपरापर्यंत. पुढचा पंजा दिसला नाही. यावर लोक हसतात आणि पुन्हा विचारतात, तसं नाही हो, मासे वगैरे? त्यांना मासेच हवे असतात, पट्ट्यापट्ट्यांचे, टीव्हीवर असतात तसले. ज्यांना ते हवे आहेत त्यांनी टीव्हीच लावावा. मी गेले ते दोन हजार आठच्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात. परतीचा पाऊस नुकताच सगळा डोंगर धुऊन समुद्रात ओतून गेला होता आणि पाण्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा होता. तरी जे झालं ते झालं तसं सांगते, कारण आमच्या मंगळवार पेठेत या प्रवासाची एक वेगळीच हकीकत फिरते आहे, आणि तिच्यात मी वाईट दिसते.

ती हकीकत सांगणारे माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मूळचे कुरुंदवाडचे. बत्तीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात पाणी सोडायचं काम केलं. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन ते निघायचे, रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून फिरवायचे आणि गल्लीला पाणी यायचं. ज्याच्या हातात पाणी आहे त्याला कोणी उलट बोलत नाही. लग्नाची पत्रिका आधी मामांना, मग पाहुण्यांना. निवृत्त झाल्यावर चावी गेली, पण आपल्याला कोणी उलट बोलत नाही ही समजूत तशीच राहिली. घरात ती खरीही आहे. माझा नवरा सुधीर चाळिशीला आला तरी वडिलांसमोर खुर्चीच्या कडेवर बसतो.

माझंही फार वेगळं नाही. मी नर्स आहे, तेव्हा चौदा वर्षं झाली होती. वॉर्डात मी रोज दुसऱ्यांच्या सासऱ्यांना दम देते. ‘आजोबा, गोळी तोंडात टाका. माझ्यासमोर गिळा. आ करून दाखवा.’ मोठमोठ्या मिशांचे लोक मला आ करून दाखवतात. घरी आलं की माझा आवाज चपलांबरोबर दाराबाहेर राहतो. मामांना तेव्हा दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. ती ते चुन्याच्या डबीत ठेवत, म्हणजे पेठेला कळू नये. आणि मनाला येईल तेव्हा घेत. मी एकदा याबद्दल बोलले होते. त्यावर ते म्हणाले, ‘‘तू दवाखान्यात नर्स हाईस. हितं सून हाईस.’’

आता एवढ्या वयाच्या माणसाला समुद्राच्या तळाशी जायचं का सुचावं? तर आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर मे महिन्यात मालवणला जाऊन आले. त्यांनी पाण्याखालचा फोटो काढून घेतला, मोठा करून चौकट बसवली आणि ओसरीवर लावली. फोटोत मास्तर डोळे फाडून बघताहेत आणि कानाजवळून एक पिवळा मासा चाललाय. मामा रोज त्या ओसरीवर चहाला जात. रोज तो मासा बघत. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं, ‘‘मालवणला जायाचं.’’ मध्ये पावसाळा आला, म्हणून जाणं दिवाळीनंतरवर गेलं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या आणि आमची मुलगी त्यांच्याजवळ राहणार होती. त्या भाजी निवडत म्हणाल्या, ‘‘मासं बघाय पाण्यात कशाला जायला पायजे? बाजारात वर काढून ठेवल्यात की.’’ घरातलं एवढं एकच शहाणं वाक्य, आणि ते कोणी ऐकलं नाही.

फोंडा घाट

सुधीरची जुनी मारुती, पुढे मामा, मागे मी आणि पिशव्या. राधानगरीपासून पुढे रस्ता इतका सुंदर आहे की त्याबद्दल दोन पानं लिहावीत, पण मामा गाडीत असले की निसर्ग दिसत नाही. त्यांना फक्त पाण्याच्या टाक्या दिसतात. गाव आलं की ते मान बाहेर काढून टाकी शोधत आणि निकाल देत. ‘‘हिचा पाइप बारीक घातलाय. वरच्या आळीला पाणी चढत नसणार.’’ पुढचं गाव. ‘‘ही गळती. बघ की, शेवाळ बघ.’’ राधानगरीचं धरण निळंशार भरलेलं होतं. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, ‘‘हितनं पाणी सुटलं की पंचगंगेला येतंय,’’ आणि असं म्हणाले की जणू धरण त्यांना विचारूनच सोडतात.

घाटात सुधीरला गाडी चालवता चालवता मळमळायला लागलं. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागते हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तीनदा थांबलो. तिसऱ्या वेळी सुधीर कठड्याला धरून वाकला होता आणि मामा त्याच्या मागे उभे राहून, आपण याच्या वयात पुरात कशी उडी मारत होतो ते सांगत होते. मी लिंबू कापून देत होते. खाली कोकण हिरवंगार पसरलं होतं, बघायला कोणी मोकळं नव्हतं.

मालवण, संध्याकाळ

आम्ही उतरलो ते एका घरगुती खाणावळीत. वर दोन खोल्या, खाली जेवण, परसात माड. मालकीणबाई पन्नाशीच्या, गोऱ्या, तुरतुरीत. त्यांनी रजिस्टर उघडलं, कुठून आलात विचारलं आणि मग पेन तसंच धरून म्हणाल्या, ‘‘आडनाव काय म्हणालात?’’

आम्ही काहीच म्हणालो नव्हतो. सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. मामा पुढे झाले.

‘‘कांबळे. कुरुंदवाडचं. बौद्ध हाय आमी. आनि काय इचारायचं असंल तर आत्ताच इचारा, म्हंजे जेवताना निवांत जेवता येईल.’’

बाईंचा चेहरा लाल झाला. ‘‘तसा नाय हो, रजिस्टरात लिवचा लागता,’’ त्या म्हणाल्या. ते खरंही असेल, रजिस्टर समोर होतंच. रात्री त्यांनी मामांच्या ताटात न मागता दुसरी बांगड्याची तुकडी वाढली. मामांनी ती खाल्ली आणि सोबत आणलेल्या बरणीतली कांदा-लसणाची चटणी त्या सुंदर कालवणात दोन चमचे घालून ढवळली. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. हिशेब बरोबर झाला असं मला वाटलं.

मामांची मी मनात कितीतरी टिंगल करते, पण या गोष्टीची कधी केली नाही. लहानपणी त्यांना गावच्या विहिरीत उतरू देत नसत. म्हणून ते नदीत पोहायला शिकले, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्यात. काठावर वरच्या आळीची पोरं बसलेली असायची. पाण्यात भ्यालेला दिसलास तर ती कशी हसायची ते मामांनी मला एकदाच सांगितलंय, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हापासून हा माणूस कुणाला भ्यालेला दिसलेला नाही. अडचण एवढीच की, पन्नास-पंचावन्न वर्षं झाली, काठावर आता कोणी बसलेलं नाही, तरी ते अजून त्यांनाच दाखवताहेत.

दुसरा दिवस, किनारा

सकाळी किनाऱ्यावर एक मोठा फलक दिसला. त्यावर निळं पाणी, लाल-जांभळी प्रवाळं, एक कासव आणि सोनेरी केसांची एक बाई. यातलं काहीही मालवणचं नव्हतं. फलकाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबल बसला होता. पंचेचाळिशीचा, काळा, सडसडीत, पूर्वी मासेमारी करायचा, आता लोकांना खाली नेतो. अख्ख्या किनाऱ्यावर खरं बोलणारा मला तो एकच माणूस भेटला.

‘‘आज कायव दिसाचा नाय,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी गढूळ आसा. चार दिसांनी येवा.’’

‘‘चार दिसांनी कसं येणार? आमी आज हाय,’’ मामा म्हणाले.

‘‘हात लांब केल्यात तर बोटां दिसाची नाय.’’

‘‘आमी कुरुंदवाडचं हाय पावणं. गढूळ पाण्याचं आमाला सांगू नका. मी उघड्या डोळ्यांनी पुरात घागर काढलीया.’’

बाबलनं खांदे उडवले आणि एक छापील अर्ज काढला. इंग्रजीत होता. मामांनी तो माझ्याकडे दिला. ‘‘चष्मा खोलीवर ऱ्हायला,’’ ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

‘‘वय?’’ मी विचारलं.

‘‘पंचावन्न लिही.’’

मामा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. मी साठ लिहिलं. भ्याडपणातही माणसानं थोडं स्वतःचं काहीतरी ठेवावं.

पुढे रोगांची यादी होती. दमा, फिट, कानाचं ऑपरेशन. मग रक्तदाब. मी पेन थांबवलं.

‘‘मामा, इथं...’’

‘‘न्हाय.’’

‘‘खाली दाब वाढतो मामा. छातीवर...’’

‘‘न्हाय म्हटलं की.’’

सुधीर वाळूकडे बघत होता. बाबल टाक्या तपासत होता, त्याचं लक्ष नव्हतं. आणि मी, जी रोज लोकांना माझ्यासमोर गोळ्या गिळायला लावते, मी रक्तदाबासमोरच्या चौकोनात स्वच्छ अक्षरात ‘नो’ लिहिलं. वॉर्डात माझ्या अक्षराचं फार कौतुक होतं.

मग मी दुसरा अर्ज मागून घेतला आणि स्वतःचं नाव घातलं. सुधीर म्हणाला, ‘‘तू कशाला?’’ मला समुद्राचा शौक नाही. पोहायला येतं, शाळेत असताना शिकले होते, एवढंच. पण तो अर्ज लिहून मी वाळूवर छत्री धरून बसू शकत नव्हते.

बाबलनं अर्जातला वयाचा आकडा पाहिला. ‘‘साठ?’’ तो म्हणाला. ‘‘वाटत नाय.’’ मामांना हे कौतुक वाटलं. त्यांनी छाती काढली.

खरी अडचण मिशांची निघाली. मामांच्या मिशा कोल्हापुरी, दोन्हीकडे वळलेल्या. डोळ्यांवर आणि नाकावर जो मास्क बसवतात त्याची रबराची कड वरच्या ओठावर चिकटावी लागते. मध्ये केस आले की पाणी आत येतं. बाबल नम्रपणे म्हणाला, ‘‘जरा कातरल्यात तर बरां.’’

‘‘काय?’’

‘‘मिशी.’’

मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला आणि त्यानं व्हॅसलीनची डबी आणली. पुढची पाच मिनिटं तो मामांच्या मिशीला व्हॅसलीन चोपडत होता. मामा आकाशाकडे बघत ताठ उभे होते, दाढीला बसल्यासारखे. पुण्याचं एक जोडपं तिकडून चाललं होतं, त्यांनी फोटो काढला. आमच्या सगळ्या सहलीतला चांगला आलेला फोटो तेवढाच, आणि तो पुण्यात आहे.

मग रबरी सूट घालून कंबरभर पाण्यात शिकवणी झाली. पाठीवर टाकी बांधली. तिला सगळे ऑक्सिजनची टाकी म्हणतात, पण तिच्यात साधी हवा असते, दाबून भरलेली. नळी दातात धरायची, तोंडानंच श्वास घ्यायचा, कान दुखले तर नाक चिमटीत धरून हवा ढकलायची. आणि खुणा. अंगठा वर केला म्हणजे ‘मला वर न्या’. मामांना हे पटेना. ते दर वेळी झकास म्हणून अंगठा दाखवायचे आणि बाबल त्यांना वर ओढायचा. चौथ्यांदा त्यानं हात जोडले.

‘‘ऱ्हवांदे खुणा,’’ तो म्हणाला. ‘‘आज तसापन कोण कोणाक दिसाचा नाय. हातान बोलूया.’’ मग त्यानं सांगितलं ते असं: तिघांनी एकमेकांचे हात धरायचे. मामा मध्ये, एका बाजूला बाबल, एका बाजूला मी. हात एकदा दाबला म्हणजे सगळं ठीक. दोनदा दाबला म्हणजे वर चला. ज्याला कळलं त्यानं पुढच्याला द्यायचं. तेव्हा असाच एक माणूस दोघांना घेऊन उतरायचा. आता तसं करत नाहीत असं ऐकते. चांगलं आहे.

पाण्याखाली

होडी समुद्रातल्या किल्ल्याच्या अलीकडे थांबली. सुधीर किनाऱ्यावरच राहिला होता, त्याला होडी बघूनच मळमळत होतं. नांगराच्या दोराला धरून आम्ही एकेक करत खाली गेलो. वीसेक फूट. जास्त नाही, आमच्या घराच्या दोन मजल्यांएवढं.

पहिल्या पाच-सहा फुटांत थोडा उजेड होता, पिवळट. त्यात कण तरंगत होते, ताकात लोण्याचे असतात तसे. मग हिरवट झालं. मग मातकट. तळाला पाय टेकले तेव्हा मला माझा हात कोपरापर्यंत दिसत होता आणि पुढे कोणीतरी तो धरलेला आहे एवढंच कळत होतं. स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका मोठा येत होता की वॉर्डातल्या श्वासाच्या मशीनशेजारी बसल्यासारखं वाटलं. फलकावरची सोनेरी बाई इथे आली असती तर तिलाही केस काळेच वाटले असते.

हात एकदा दाबला गेला. बाबलनं मामांना विचारलं होतं, मामांनी मला दिलं. ठीक? मी एकदा दाबला. ठीक.

थोडं पुढे गेलो. काहीतरी मऊ पोटरीला लागून गेलं. मासा असेल, पिशवी असेल. तो मासाच, असं मी धरून चालले.

वॉर्डातली एक सवय आहे मला. कुणाचाही हात धरला की माझी बोटं आपोआप मनगटाच्या आतल्या बाजूला जातात. मामांचाही हात मी तसाच धरला होता, मला माहीतही नव्हतं. आणि तिथे, त्या अंधारात, माझ्या बोटांखाली त्यांची नाडी धावत होती. मी मोजली नाही. मोजायची गरज नव्हती. नुसती धडधड नव्हती ती, मध्येच एखादा ठोका चुकत होता.

हात एकदा दाबला गेला. ठीक.

मी त्यांच्याजवळ सरकले, माझा मास्क त्यांच्या मास्कला लागेपर्यंत. तेव्हा दिसलं. मिशीतून पाणी आत आलं होतं. मास्क निम्म्यापर्यंत भरला होता, नाक पाण्यात होतं आणि वर दोन डोळे होते. वॉर्डात मी तसे डोळे खूप पाहिलेत. ऑपरेशनला नेताना, ढकलगाडीवर. ते मला बघत नव्हते. मला वाटतं ते काठाकडे बघत होते.

हात पुन्हा एकदा दाबला गेला. एकदाच. इतक्या जोरात की माझी अंगठी बोटात रुतली. ठीक.

मग त्यांनी पाय झाडले. तळाचा सगळा गाळ वर आला आणि जे काही दिसत होतं तेही गेलं. आता नुसते हात होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, तो चौकोन आणि त्यातलं माझं अक्षर. मीही भ्याले होते, खोटं कशाला बोलू. नळी तोंडातून सुटेल असं वाटत होतं, दात दुखत होते. आणि मामा पुन्हा हात दाबत होते, एकदा, एकदा, एकदा. मध्ये थांबून, सावकाश, म्हणजे चुकून दोनदा समजलं जाऊ नये.

हा माणूस इथे मरेल, पण दोनदा दाबणार नाही, हे मला कळलं.

मी दोनदा दाबला.

सांगायचं ते एवढंच आहे. माझी दोन दाबणी मामांच्या उजव्या हातात पोचली आणि त्यांच्या डाव्या हातातून बाबलला गेली, त्यात क्षणाचाही वेळ गेला नाही. आयुष्यात सुनेचं म्हणणं त्यांनी इतक्या तातडीनं कधी पुढे पोचवलं नव्हतं. दुसऱ्या क्षणाला बाबलनं आम्हा दोघांना पट्ट्यांना धरलं आणि आम्ही दोराशेजारून हळूहळू वर निघालो. मातकट, हिरवट, पिवळट. मग ऊन.

होडीत

मामांना होडीत ओढून घेतलं तेव्हा त्यांचा रंग राखेसारखा होता. मी त्यांना बसतं केलं, गळ्यापाशी सूटची चेन उघडली. त्यांनी बाजूला वाकून उलटी केली. मी मनगट धरून घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नाडी हळूहळू जागेवर आली, चुकणारा ठोका थांबला. छातीत दुखतंय का विचारलं, मान हलवून नाही म्हणाले. कपाळाचा घाम मी होडीत ठेवलेल्या माझ्या ओढणीनं पुसला आणि त्यांनी पुसू दिला.

बाबल बघत होता. ‘‘ह्येंका काय त्रास आसा?’’ त्यानं विचारलं. मामांना नाही, मला.

‘‘रक्तदाब आहे,’’ मी म्हणाले. ‘‘दोन वर्षं. गोळी चालू आहे.’’

‘‘अर्जात नाय लिवल्यात.’’

‘‘मीच लिहिला अर्ज.’’

‘‘तुमी काय काम करतात?’’

मी सांगितलं. त्यानं होडीतलं पाणी डब्यानं बाहेर टाकलं, दोन डबे, तीन डबे.

‘‘नर्स,’’ तो म्हणाला. ‘‘बाई, मी सातवी शिकलंय. माका त्या अर्जातला कायव समाजना नाय. पन तुमच्यासारख्यांनी लिवला म्हंजे खरा, असा समजून मी मानसाक खाली नेतंय. हे माझ्या होडयेत गेले असते तर लोकांनी माकाच इचारला असता. तुमका नाय इचारला असता.’’

आवाज चढवला नाही त्यानं. डॉक्टर ओरडतात त्याची मला सवय आहे, मी ते ऐकूनही घेत नाही. हे मात्र मला अजून ऐकू येतं. मी ‘‘चुकलं’’ म्हणाले. तो ‘‘व्हय, चुकला’’ म्हणाला आणि इंजिन सुरू केलं. मामा समोरच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते समुद्राकडे बघत राहिले, मिशीवर व्हॅसलीन आणि पाण्याचे थेंब.

किनाऱ्याला लागलो तेव्हा सुधीर धावत आला. ‘‘काय झालं? लवकर आलात?’’

मामा होडीतून उतरले, वाळूत पाय रोवले, एकदा मिशी पिळली. ‘‘ही भ्याली,’’ ते म्हणाले. ‘‘दोनदा हात दाबला हिनं. मग काय करतोस? वर आणली.’’

बाबलनं माझ्याकडे पाहिलं. मी बाबलकडे पाहिलं. मग तो टाक्या उचलायला लागला.

दुपारी मालकीणबाईंनी पेज आणि सुका बांगडा दिला. मामांनी चटणीची बरणी काढली नाही. होडीत डोळे मिटून बसायच्या अटीवर सुधीर तयार झाला आणि संध्याकाळी आम्ही दोघंच किल्ला बघून आलो. परतायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. तो तटाच्या दगडावर नख घासत म्हणाला, ‘‘अर्ज मी लिहायला पाहिजे होता.’’ ‘‘तू काय लिहिलं असतंस?’’ मी विचारलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘पंचावन्न.’’

मंगळवार पेठ

आम्ही परत आल्याला आठवडा झाला नव्हता, तेवढ्यात वॉर्डातल्या आयाबाई मला म्हणाल्या, ‘‘सिस्टर, समुद्रात लई घाबरलासा म्हणं? सासऱ्यांनी वाचीवलं?’’ आयाबाई मंगळवार पेठेतल्याच. भाजीवालीनं विचारलं. मुलीच्या शाळेत एका आईनं विचारलं, आणि तिच्याकडे पोचेपर्यंत हकिकतीत एक मोठा मासाही आला होता, जो मामांनी लाथ मारून हाकलला होता.

मी चिडत होते, पण त्यात एक अडचण होती. मामा खोटं बोलत नव्हते. हात मी दाबला होता. दोनदा. साक्षीला बाबल होता. चौकशी झाली असती तर मामा जिंकले असते.

एका संध्याकाळी मी ड्यूटी संपवून येत होते. मास्तरांच्या ओसरीवर सात-आठ जण बसले होते, चहा फिरत होता आणि मामांचा आवाज कोपऱ्यावर ऐकू येत होता. ‘‘...आनि खाली सगळा अंधार. हिनं हात असा आवळला. मला वाटलं हिचं आता काय खरं न्हाय...’’ तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. थांबले नाहीत. उलट म्हणाले, ‘‘ही आलीच की. इचारा तिला.’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर हसत म्हणाले, ‘‘काय सूनबाई, खरं का हे?’’

‘‘खरं आहे,’’ मी म्हणाले. माझा आवाज वॉर्डातला होता. कसा काय तो चपला घालून इथपर्यंत आला कोण जाणे. ‘‘दोनदा मीच दाबला. कशासाठी दाबला ते मामांना विचारा.’’

मास्तर मामांकडे वळले. बाकीचेही वळले. मामांच्या हातात कप होता. त्यांनी तो तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. त्यात तेवढा चहा नव्हता.

‘‘त्यात काय इचारायचं,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘भ्याली.’’ मग कप खाली ठेवला. सगळे अजून त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून त्यांनाच पुढे बोलावं लागलं. ‘‘आनि गढूळ बी लई हुतं. मला बी काय दिसलं न्हाय. मासा-बिसा काय न्हवता. ते आपलं मी उगंच.’’

मास्तरांनी नकळत भिंतीवरच्या आपल्या पिवळ्या माशाकडे पाहिलं. मी घरी आले, पाय धुतले आणि कुकर लावला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मामा आत आले. ते कधी स्वयंपाकघरात येत नाहीत. पाटावर बसले, सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर केली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, ‘‘ते दाब बघायचं मशीन हाय न्हवं तुझ्याकडं?’’

मी हात पुसले, मशीन आणलं, पट्टा बांधला. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हवा भरली, सोडली, कानाला नळ्या लावून ऐकलं.

‘‘किती?’’

‘‘एकशे सत्तर. खालचा शंभर.’’

मामांनी मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मशीन बिघडलंय तुझं.’’

‘‘गेल्या महिन्यातच घेतलंय मामा.’’

‘‘मग नीट बघ की,’’ ते म्हणाले, आणि दुसरा हात पुढे केला.